हरणं फार झाली की जंगलाचं काय होतं?

कॅनडात सेंट लॉरेन्स नदी समुद्राला मिळते तिथे अँटिकोस्टी नावाचं बेट आहे, आपल्या गोव्याच्या दुपटीहून मोठं. आँरी मेनिए नावाच्या फ्रेंच चॉकलेट कारखानदाराने १८९५ मध्ये ते अख्खं विकत घेतलं आणि शिकारीच्या हौसेपायी तिथे सुमारे २२० हरणं आणून सोडली. ही उत्तर अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं, म्हणजे व्हाइट-टेल्ड डिअर. बेटावर लांडगा नव्हता, प्यूमा नव्हता. काळी अस्वलं मात्र भरपूर होती. पुढे हरणं लाखावर गेली, आणि विसावं शतक सरता सरता बेटावरची अस्वलं संपली.

हरणांनी अस्वलांना काही केलं नाही. त्यांनी झुडपं खाल्ली, एवढंच. थंडीची लांब झोप घ्यायच्या आधी अस्वलाला अंगावर चरबी चढवावी लागते आणि त्या बेटावर ती चढायची रानातल्या बेरी खाऊन. हरणांनी बेरीची झुडपं फळापर्यंत पोचूच दिली नाहीत. फरच्या झाडांचंही तेच झालं. जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्याखाली नवं रोप तग धरत नाही. त्या जागी स्प्रूस वाढतो, कारण तो हरणांना आवडत नाही.

अमेरिकेच्या पूर्व भागात, म्हणजे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, व्हर्जिनिया इथे, हजारो मराठी घरं आहेत आणि त्यांच्या परसात हेच हरीण रोज संध्याकाळी येतं. मुलं खिडकीशी धावतात. मग नोव्हेंबरात गावाच्या संकेतस्थळावर शिकारीच्या तारखा लागतात आणि घरात प्रश्न निघतो : इतकं देखणं, निरुपद्रवी जनावर, त्याला मारायचं कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तरही तितकंच प्रामाणिक द्यायला हवं. त्यासाठी आधी हे जनावर कसं जगतं ते पाहू.

शिंगं, पोट आणि पाडसं

दक्षिण कॅनडापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत हे हरीण सापडतं. थंड मुलखात नर १०० किलोच्या पुढे जातो. फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या की बेटांवरची याचीच एक उपजात मात्र ३५ किलोच्या आसपासच थांबते आणि ती संकटग्रस्त आहे. धोका जाणवला की हरीण शेपूट उभी करतं, खालची पांढरीशुभ्र बाजू चमकते आणि कळपातल्या बाकीच्यांना पळायची खूण मिळते. नाव त्यावरून पडलं.

चितळ-सांबराप्रमाणेच या नराची शिंगंही दरवर्षी गळतात आणि नव्याने उगवतात. काळविटाचं किंवा नीलगाईचं तसं नसतं, त्यांची शिंगं जन्मभराची. हरणाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. वसंतात ते फुटायला लागतं. त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाढत्या हाडाला पोसतात. भर उन्हाळ्यात वाढीचा वेग दिवसाला अर्धा सेंटिमीटरच्या आसपास जातो. एवढं कॅल्शियम रोजच्या चाऱ्यातून मिळत नाही, म्हणून नराचं शरीर ते स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतं आणि पुढे भरून काढतं. उन्हाळा उतरणीला लागून दिवस लहान होऊ लागले की टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक वाढतं, शिंग टणक होतं, मखमल वाळते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. उत्तरेकडे माजाचा हंगाम नोव्हेंबरात येतो. हिवाळ्यात संप्रेरक ओसरलं की शिंगाच्या मुळाशी हाड विरघळतं आणि शिंग पडतं. हे सगळं दिवसाच्या लांबीवर चालतं, थंडी किती पडली यावर नाही. शिंगाला फाटे किती यावरून वय सांगणारे पुष्कळ भेटतात, पण फाटे वयाइतकेच खाण्यावर आणि आनुवंशिकतेवर ठरतात. वय बघायचं ते दातांवरून.

पोटाची गोष्ट शिंगांपेक्षा महत्त्वाची आहे. हरीण गाईसारखंच रवंथ करतं, पोटाचे कप्पेही चारच, पण गाईसारखं नुसत्या गवतावर ते राहत नाही. ते निवडून खातं : कोवळे शेंडे, कळ्या, रुंद पानांची रोपं, शरदात ओकच्या झाडाखाली पडलेले एकॉर्न. मोठं हरीण रोज दोन ते तीन किलो खातं. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे ते फांदी तोडत नाही, ओढून फाडतं. सशाने खाल्लेली डहाळी कात्रीने कापल्यासारखी तिरपी दिसते, हरणाने खाल्लेली चिंध्या झालेली. परसात कोण येऊन गेलं ते यावरून ओळखता येतं.

पोटात अन्न कुजवणारे सूक्ष्मजीव ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात ते सुक्या काड्या आणि कळ्या पचवायला तयार झालेले असतात. अशा वेळी कुणी दया येऊन बादलीभर मका टाकला तर पोटात अचानक इतकं आम्ल तयार होतं की हरीण भरल्या पोटी मरतं. त्याला त्या दिवसांत मक्याची गरजही नसते. शरदात साठवलेली चरबी, पोकळ केसांचा जाड कोट आणि मंदावलेली हालचाल यांवर ते वजनाचा पाचवा हिस्सा गमावूनही वसंत गाठतं. बर्फाळ भागात हरणं हेमलॉक-सीडारच्या दाट झाडीत एकत्र राहतात, कारण तिथे वारा अडतो आणि पायाखाली बर्फ कमी साठतो. हिवाळ्यात त्यांना हवी असते ती अशी झाडी. दाणे नकोत.

गाभणकाळ सुमारे २०० दिवसांचा. मे-जूनमध्ये पाडसं जन्मतात, पहिल्या खेपेला बहुधा एक, नंतर बहुतेक वेळा जुळी. पहिले काही आठवडे पाडस गवतात निपचित पडून राहतं. अंगावरचे पांढरे ठिपके उन्हाच्या कवडशांत मिसळून जातात आणि अंगाला वासही फारच कमी येतो. आई मुद्दाम लांब चरते आणि दिवसातून काही वेळा दूध पाजायला येते. दर वर्षी कितीतरी भली माणसं अशा पाडसाला अनाथ समजून उचलून आणतात. ते अनाथ नसतं. तिथेच राहू द्यावं.

आता हा आकडा पाहा. मिशिगनमधल्या जॉर्ज रिझर्व्ह या कुंपण घातलेल्या सुमारे साडेचार चौरस किलोमीटर जागेत १९२८ मध्ये दोन नर आणि चार माद्या सोडल्या होत्या. साधारण सहा वर्षांत तिथे १६० हरणं मोजली गेली. खायला भरपूर असेल तर काही माद्या पहिल्याच हिवाळ्यात, सहा-सात महिन्यांच्या असताना गाभण राहतात. लांडगा आणि प्यूमा मागे असताना हा वेग हरणाला तारत होता. ते गेले आणि वेग मात्र तसाच राहिला.

पाच लाखांवरून तीन कोटींवर

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र अगदी उलटं होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कातडी आणि मांस बाजारात विकण्यासाठी हरणं बेसुमार मारली गेली, पूर्वेची जंगलंही तुटली. १९०० च्या सुमारास देशभरात जेमतेम तीन ते पाच लाख हरणं उरली होती. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्याला १९०६ मध्ये मिशिगनहून ५० हरणं विकत आणावी लागली. १९०० चा लेसी कायदा आला, बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद झाला. रानातल्या हरणाचं मांस विकायला आजही तिथे बंदी आहे, ती या धड्यातून. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला. हरणं परत आणण्याचा मोठा खर्च शिकाऱ्यांनीच उचलला, हे आपल्याकडच्या वाचकाला पचायला जड जातं, पण ते खरं आहे.

त्या काळात घातलेला एक नियम मात्र पुढे नडला. पेनसिल्व्हेनियाने १९०७ मध्ये माद्या मारायला बंदी केली, फक्त शिंगवाले नर मारायचे. हरणं कमी असताना हे शहाणपणाचं होतं. पण एक नर एका हंगामात अनेक माद्यांना फळवतो. निम्मे नर मारले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांत फारसा फरक पडत नाही. कळप किती वाढणार हे माद्यांच्या संख्येवर ठरतं. हरणं वाढून उपाशी मरू लागली तेव्हा अभ्यासकांनी माद्या मारायची परवानगी मागितली, आणि लोक संतापले. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ मध्ये आल्डो लिओपोल्ड यांच्यासारख्या मोठ्या वनशास्त्रज्ञाने हा आग्रह धरला तर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मादी मारणं म्हणजे पाप, ही भावना तिथल्या शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांत रुजली होती आणि ती काढायला दशकं गेली. या साऱ्या विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : हरणांची संख्या मुख्यतः माद्या आणि चारा या दोन गोष्टी ठरवतात, बाकीच्या उपायांची झेप मर्यादित आहे.

दरम्यान शेती सोडून दिलेल्या जमिनींवर पुन्हा रान वाढलं आणि उपनगरं पसरली. हरणाला घनदाट, जुनं जंगल फारसं मानवत नाही. त्याला हवा असतो काठ : एका बाजूला लपायला झाडी, दुसऱ्या बाजूला उघडी, हिरवी जागा, मधून ओढा. अमेरिकी उपनगर म्हणजे सगळा काठच. खत घातलेलं लॉन, गुलाब, ट्यूलिप, घरांमागे झाडांचा पट्टा, आणि घरं जवळ असल्यामुळे बंदूक चालवायला मनाई. आज देशात सुमारे तीन कोटी हरणं आहेत असं मानलं जातं.

जमिनीपासून दीड मीटर

हरणं फार झालेल्या जंगलात गेलात तर प्रथम सगळं छान वाटतं. मोठी झाडं, मोकळी जमीन, नजर लांबवर जाते. नीट पाहिलं तर कळतं की जमिनीपासून दीड मीटरपर्यंत जवळजवळ काहीच नाही, असलंच तर नेचे. हरणाचं तोंड जिथवर पोचतं तिथवर हिरवं उरलेलं नाही. ओकची रोपं गेली, हेमलॉकची गेली, ट्रिलियमसारखी वसंतातली रानफुलं गेली. ट्रिलियमला बीपासून फुलापर्यंत यायला अनेक वर्षं लागतात आणि हरीण ते एका घासात संपवतं.

हे नुसतं डोळ्यांना वाटतं म्हणून नाही. पेनसिल्व्हेनियाच्या वायव्येला अमेरिकी वनसेवेने १९७९ पासून दहा वर्षांहून जास्त काळ कुंपणं घालून एक प्रयोग केला. वेगवेगळ्या कुंपणांत चौरस मैलाला १०, २०, ३८ आणि ६४ या हिशेबाने हरणं ठेवली. २० च्या पुढे गेलं की रोपांच्या जाती घटू लागल्या. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त हरणांच्या जागा ताडून पाहिल्या तेव्हा मधल्या उंचीच्या झुडपांत राहणाऱ्या गाणाऱ्या पक्ष्यांची संख्या ३७ टक्क्यांनी कमी भरली. पक्षी हरीण खात नाही, हरीणही सहसा पक्षी खात नाही. घरटं बांधायची झुडपंच नाहीत, म्हणून पक्षी नाहीत.

आणि इथेच ‘जंगल किती हरणं पोसू शकतं’ या प्रश्नाची दोन उत्तरं निघतात. हरीण उपाशी न मरता किती राहतील, हा एक आकडा. जंगलाला नवी पिढी येऊ देऊन किती राहतील, हा दुसरा, आणि तो पहिल्यापेक्षा बराच खाली असतो. हरणं धष्टपुष्ट दिसतात म्हणून सगळं ठीक आहे असं समजायला जागा नाही, कारण हरीण खंगायला लागतं तोवर त्याच्याखालचं रान कधीच संपलेलं असतं.

ताडोब्यात चितळांचे मोठे कळप आहेत, पण मागे वाघ, बिबळ्या आणि रानकुत्री आहेत. नुसती संख्या रोखण्यापुरतं त्यांचं काम नाही. भीतीने चितळ एका जागी फार वेळ चरत नाहीत आणि रोपांना उसंत मिळते. आपल्याकडे मागे कुणी नसलं की काय होतं ते अंदमानात दिसतं. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चितळ नेऊन सोडले, त्यांना खाणारं तिथे कुणी नव्हतं आणि आज त्या बेटांच्या जंगलतळाला त्यांची झळ बसते.

मग करायचं काय

लांडगे परत आणा, हे सर्वांत आधी सुचतं. न्यू जर्सीच्या उपनगरात ते शक्य नाही. कायोटी, म्हणजे लांडग्याच्या कुळातले त्याहून लहान प्राणी, आता पूर्वेला सगळीकडे पसरले आहेत आणि पाडसं खातात, पण मोठ्या, निरोगी हरणांवर त्यांचा वचक फारसा नाही.

पकडून दुसरीकडे सोडणं? पुष्कळ हरणं धक्क्यानेच मरतात, आणि सोडायची तिथेही हरणं आहेतच. रोगही सोबत जातो.

नसबंदीचा प्रयोग न्यूयॉर्क शहराने स्टेटन आयलंडवर २०१६ पासून मोठ्या प्रमाणावर केला, नरांवर. संख्या काहीशी उतरली. पण त्यासाठी जवळजवळ प्रत्येक नर गाठावा लागतो, दर वर्षी नव्याने, आणि खर्च लाखो डॉलरांचा. बेट होतं म्हणून तेवढं तरी जमलं. माद्यांना गर्भनिरोधक टोचण्याच्या लसीही आहेत. त्यांचीही तीच अडचण : हरीण आयुष्याची आठ-दहा वर्षं झुडपं खातच राहतं. मी स्वतः शिकार करू शकणार नाही, तरी या उपायांचा हिशेब मांडल्यावर मला शिकारीचा विरोध करता येत नाही.

म्हणून राज्यांचे वन्यजीव विभाग परवान्यांवर भर देतात. जिल्ह्याजिल्ह्यातून हरणांची लेंडी मोजतात, स्वयंचलित कॅमेरे लावतात, मारलेल्या हरणांच्या दातांवरून वय काढतात, जंगलात रोपं किती खाल्ली गेली ते पाहतात. त्यावरून यंदा माद्यांचे परवाने किती द्यायचे ते ठरतं. जिथे बंदूक चालत नाही तिथे धनुष्यबाणाची परवानगी असते, किंवा गाव रात्री नेमबाज नेमतं. नेमबाजांनी मारलेल्या हरणांचं मांस बहुतेक वेळा गरजूंच्या अन्नछत्रांना जातं. यात खरी काळजीची बाब वेगळीच आहे. शिकारी म्हातारे होत आहेत, नवे कमी येतात, आणि संख्या आवरणारा तोच एक हात असल्यामुळे पुढच्या वीस वर्षांत हे काम कोण करणार याला आज कुणाकडे नीट उत्तर नाही.

हरणांच्या शेजारी राहताना

लाइमचा ताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा आजार, हरणामुळे होतो असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. काळ्या पायांची गोचीड प्रौढ झाल्यावर हरणाच्या रक्तावर वाढते आणि मग दोनेक हजार अंडी घालते. पण लाइमचे जिवाणू तिला मिळतात ते लहानपणी, मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरणाच्या रक्तात ते जिवाणू टिकत नाहीत. म्हणजे हरीण गोचिडी वाढवतं आणि उंदीर रोग देतो. मेन राज्यातल्या मॉन्हेगन या लहान बेटावरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळी हरणं काढली तेव्हा काही वर्षांत गोचिडी फारच कमी झाल्या. मुख्य भूमीवर हरणं थोडी कमी करून तेवढा परिणाम मिळत नाही. अमेरिकेत दर वर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार जणांवर लाइमचे उपचार होतात असा सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज आहे. बागेतून आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांत बघा. गोचीड चिकटून एक दिवस व्हायच्या आत चिमट्याने सरळ ओढून काढली तर लागण होण्याची शक्यता फार कमी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी आणि पहाटे गाडी सावकाश चालवा. माजावर आलेले नर रस्ता बघत नाहीत. एक हरीण गेलं की मागून दुसरं येणार असंच धरून चाला, आणि समोर आलंच तर ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. जीवघेणे अपघात बरेचदा वळवल्यामुळे होतात.

बागेला कुंपण घालायचं तर अडीच मीटर उंच, त्याहून बुटकं ते उडी मारून ओलांडतं. कांदा, लसूण, पुदिना याला ते सहसा तोंड लावत नाही. घेवड्याचे वेल आणि रताळ्याची पानं मात्र कुंपणाबाहेर ठेवू नका.

शेवटचं, आणि याबाबत बेफिकिरी नको. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसला आणि आता तीसहून जास्त राज्यांत आहे. तो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होतो. शिजवून प्रिऑन मरत नाही, मातीत तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि लागण झालेलं हरीण कित्येक महिने निरोगी दिसतं. माणसाला हा रोग झाल्याचं अजून कुठे सिद्ध झालेलं नाही, तरी लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा सल्ला आहे. मिठाचे खडे किंवा दाणे ठेवून हरणं एका जागी गोळा करणं अनेक राज्यांत बंद केलं आहे ते यासाठीच, लाळेतून लागण पसरते. शेजाऱ्याने प्रेमाने शिकारीचं मांस दिलं तर हरीण कोणत्या जिल्ह्यातलं आणि तपासणी झाली का, हे विचारायला संकोच करू नका. तपासणी कुठे होते ते राज्याच्या वन्यजीव विभागाकडे कळतं.